चेंडू सुटण्याआधीचे अडीच सेकंद: कॉलेज क्वार्टरबॅक कसा पारखावा

३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री अटलांटात ओहायो स्टेट आणि जॉर्जिया यांची उपांत्य लढत झाली. ओहायो स्टेटची शेवटची ५० यार्डांची किक खांबांच्या डावीकडून बाहेर गेली तेव्हा घड्याळात बारा वाजत होते. ४२-४१ अशी हार. आम्ही ओहायो स्टेटच्याच कोलंबस शहरात राहतो. त्या रात्री आमच्या गल्लीत नव्या वर्षाचा एकही फटाका वाजला नाही. मी मात्र वही उघडून ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सी. जे. स्ट्राउड याच्या पानावर बराच वेळ लिहीत बसले होते. त्याच्याविषयी वर्षभर एकच तक्रार ऐकू येत होती: समोर मोकळी जागा असली की हा राजा, पण अंगावर माणसं आली की हा धावत नाही, काही घडवत नाही. त्या रात्री त्या वर्षीच्या विजेत्या संघाविरुद्ध त्याने ३४८ यार्ड आणि ४ टचडाऊन फेकले, आणि शेवटच्या चढाईत पॉकेट (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती धरलेलं संरक्षक कडं) मोडल्यावर स्वतः २७ यार्ड धावून संघाला किकच्या टप्प्यात आणलं. पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगच्या (एनएफएल) ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तो २०२३ चा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला.

हे मार्गदर्शन अमेरिकेत शनिवारी मुलांबरोबर कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांसाठी आहे, आणि भारतातून पहाटे उठून बघणाऱ्यांसाठीही. डाऊन, यार्ड, टचडाऊन तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये या लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याआधी घरबसल्या एखाद्या क्वार्टरबॅकविषयी स्वतःचं मत कसं बनवायचं, ते मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिते. सगळ्या कामात एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: हे जे चांगलं किंवा वाईट दिसतंय ते याचं स्वतःचं, की याच्या संघाचं? चेंडू कुठे जाऊन पडला हे सगळ्या स्टेडियमला दिसतं. स्नॅप झाल्यापासून, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यापासून, तो त्याच्या हातातून सुटेपर्यंत साधारण अडीच सेकंद जातात, आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

पहिली पायरी: किती खेळलाय ते बघा

आकड्यांत सर्वांत आधी मी एक साधा आकडा बघते: सुरुवातीपासून खेळलेले सामने. नावाजलेले प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या नावावर सांगितले जाणारे जुने नियम याच दिशेचे होते. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी हवा, पदवी हवी, तीन वर्षं संघाचा मुख्य क्वार्टरबॅक असायला हवा. आज ते जसेच्या तसे कोणी पाळत नाही, पण त्यामागचं कारण अजून पक्कं आहे. कमी सामने म्हणजे कमी पुरावा.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि ट्रे लान्सला घेतलं. नॉर्थ डकोटा स्टेट हे त्याचं कॉलेज तेव्हा खालच्या गटात खेळायचं. तिथे तो १७ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता, आणि २०२० मध्ये महामारीमुळे त्याला एकच सामना मिळाला होता. २०१९ मधले त्याचे २८ टचडाऊन आणि शून्य इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) बघून सगळे हरखले होते. शितावरून भाताची परीक्षा इथे करू नये, कारण शीत एकाच गटातलं, एकाच हंगामाचं होतं. सॅन फ्रान्सिस्कोसाठी तो चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. त्याच संघाने २०२२ मध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला घेतलं. आयोवा स्टेटसाठी चार वर्षांत चाळीसहून जास्त सामने खेळलेला हा मुलगा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, उतरला.

१३ सामन्यांवर पहिल्या फेरीत गेलेली दोन नावंही लक्षात ठेवा: २०१७ चा मिचेल ट्रुबिस्की आणि २०२३ चा अँथनी रिचर्डसन. १३ सामने खेळलेला मुलगा वाईटच निघतो असा याचा अर्थ नाही. आपल्या मताची खात्री तेवढी कमी ठेवायची, आणि वहीत ते स्पष्ट लिहायचं.

उलट बाजूने वयही बघा. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने ब्रँडन वीडनला २२ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आधी काही वर्षं तो बेसबॉल खेळला होता. २३-२४ वर्षांचा खेळाडू १९ वर्षांच्या कॉर्नरबॅकांना (कडेच्या बचावपटूंना) हरवतो, यात वयाचा वाटा किती हे विचारावंच लागतं. मोठा झाल्यावरचा शेवटचा हंगाम अचानक चमकला असेल, तर आधीच्या हंगामांचे सामनेही काढून बघा.

दुसरी पायरी: टक्केवारी सोलून घ्या

कॉलेजच्या पूर्ण पासांची टक्केवारी ही सालीसकट मोजलेली केळी आहेत. समजा एका मुलाने ३० पास टाकले आणि २४ पूर्ण झाले. ८० टक्के, वाहवा. आता त्यातले स्क्रीन पास, म्हणजे डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागेच हातात दिलेले पास, बाजूला काढा. असे १० निघाले आणि दहाही पूर्ण. उरलेल्या २० पैकी १४ पूर्ण, म्हणजे ७० टक्के. त्यातून पाच यार्डांच्या आतले सोपे पास काढा, आणि उरलेल्या फेकींवर तुमचं मत बनवा. मी १० यार्डांच्या पुढच्या फेकींचा हिशेब वेगळाच ठेवते, कारण रविवारी, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पोट भरायचं ते याच फेकींवर.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कॉलेजमध्ये सॅकमध्ये (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जातं तेव्हा) गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात; व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या खात्यात जातात. त्यामुळे कॉलेजचा मुलगा कागदावर वाटतो त्यापेक्षा जास्त चांगला धावणारा असू शकतो, आणि त्याच वेळी त्याच्या पासच्या आकड्यांतून सॅकचं नुकसान लपलेलं असतं.

नियमांतले तीन फरकही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानात असला तरी चालतो, वर, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दोन्ही लागतात. म्हणून कडेच्या प्रत्येक झेलापुढे दुसरा पाय आत होता का, याची खूण करा. पास चालू असताना कॉलेजमध्ये लाइनमन (क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे रक्षक) तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, वर एकच. धावायचं की फेकायचं हे शेवटच्या क्षणी ठरवण्याचे डाव कॉलेजात एवढे सहज चालतात त्याचं हे मोठं कारण आहे. तिसरा फरक हॅश मार्कांचा, म्हणजे ज्यांच्या दरम्यान डाव सुरू होतो त्या खुणांचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो.

मैदान १६० फूट रुंद. कॉलेजचे हॅश एकमेकांपासून ४० फुटांवर, व्यावसायिक लीगचे साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी कड तब्बल १०० फुटांवर असते. अशा वेळी क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा राहून, पलीकडच्या कडेला १५ यार्डांवर वळणाऱ्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) चेंडू देतो, तेव्हा टीव्हीवर १५ यार्डांचा पास दिसतो. आडवं अंतर साधारण ३१ यार्ड धरा, उभं २२ यार्ड, आणि कर्ण काढा. चेंडू हवेतून सुमारे ३८ यार्ड जातो. हा पास कॉर्नरबॅकच्या आधी पोहोचला तर हातात ताकद आहे. तो हवेत तरंगत गेला आणि तरी पूर्ण झाला, तर समोरचा कॉर्नरबॅक कमी पडला असं समजा. हाताची ताकद मापायला ६५ यार्ड लांब फेकीपेक्षा मला हीच फेक जास्त भरवशाची वाटते.

तिसरी पायरी: सामने निवडा

ठळक क्षणांचे व्हिडिओ बघून मत बनवू नका. चार पूर्ण सामने निवडा: सर्वांत बलाढ्य बचावाविरुद्धचा, त्याचा सर्वांत वाईट, वारा-पाऊस-थंडीतला, आणि वाईट सामन्यानंतरच्या आठवड्यातला. शेवटचा मी मुद्दाम घालते. तीन इंटरसेप्शन दिलेला मुलगा पुढच्या शनिवारी पहिला खोल पास कधी टाकतो, यातून त्याच्याविषयी बरंच कळतं.

टीव्हीवरच्या चित्रात खोल उभे असलेले सेफ्टी (शेवटच्या फळीतले बचावपटू) बऱ्याचदा दिसत नाहीत, ही मोठी अडचण. प्रशिक्षकांना बावीसही खेळाडू दिसणारं चित्रण मिळतं; आपल्याला कॉलेज सामन्यांचं ते सहसा मिळत नाही. पण गोलखांबांच्या मागच्या कॅमेऱ्याचे रिप्ले मिळतात, ते जपून बघा. यूट्यूबवर वेग ०.२५ वर आणा; व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की चित्र एकेक चौकट मागेपुढे सरकतं. एवढ्या साधनावर पुष्कळ काम होतं.

एक सामना तीनदा बघायचा. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा डोळे, तिसऱ्यांदा चेंडू. उलट क्रमाने बघितलंत तर फेकीच्या निकालामुळे बाकी सगळं तुम्हाला चांगलं किंवा वाईट दिसू लागतं.

चौथी पायरी: पाय

मागे जाताना पावलं एका लयीत पडतात का? शेवटचं पाऊल टेकलं की लगेच चेंडू सुटतो, की तो जागेवर दोन-तीनदा उड्या मारतो? उड्या मारणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला काय बघायचं होतं ते दिसलेलं नाही. पहिल्या रिसीव्हरकडून दुसऱ्याकडे नजर वळली की पायही त्या दिशेला वळायला हवेत. खांदे एकीकडे आणि पाय दुसरीकडे ठेवून टाकलेला चेंडू कॉलेजमध्ये खपतो, कारण रिसीव्हर तीन यार्ड मोकळा असतो.

इथेच जोश ॲलनचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. वायोमिंगमध्ये त्याची टक्केवारी ५६ च्या आसपास होती. बफेलोने २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला. अचूकता कधी शिकवता येत नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मीही त्या वर्षी लिहून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. पुढे २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझी चूक कुठे झाली ते मी त्याचे कॉलेजचे सामने पुन्हा काढून शोधलं. चुकलेल्या फेकी मी मोजल्या होत्या. त्या का चुकल्या ते लिहिलंच नव्हतं. बऱ्याच वेळा त्याचा पुढचा पाय लांब पडत होता आणि चेंडू डोक्यावरून जात होता. पायांची चूक दुरुस्त होऊ शकते. त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकांनी त्यावर काम केलं, आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हरही आला.

तेव्हापासून प्रत्येक चुकलेल्या फेकीपुढे मी एक अक्षर लिहिते. पा म्हणजे पाय, हा म्हणजे हात, न म्हणजे नजर. पायाच्या चुका जास्त असतील तर आशा ठेवायला जागा आहे. पाय नीट, वेळ भरपूर, रिसीव्हर मोकळा, आणि तरी चेंडू दोन यार्ड मागे पडतोय, हे पुन्हा पुन्हा होत असेल तर पाऊल मागे घ्या. ॲलन हा अपवाद आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवून दर वर्षी एखादा अचूकता नसलेला मुलगा वर ढकलला जातो.

पाचवी पायरी: डोळे

एक डाव जवळून बघू. थर्ड अँड ८, म्हणजे तिसरा डाऊन आणि ८ यार्ड हवेत. स्नॅपआधी दोन सेफ्टी खोल उभे आहेत, बारा-तेरा यार्डांवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्नॅप होताच उजवीकडचा सेफ्टी धावत खाली येतो आणि डावीकडचा सरकून मधोमध जातो. आधी दोघांचं छप्पर होतं, आता एकाचंच. क्वार्टरबॅकने आधीच ठरवून ठेवलेली फेक उजवीकडच्या आखूड मार्गाची असेल, तर ती त्या खाली आलेल्या सेफ्टीच्या छातीवर जाऊन आदळणार. चांगला मुलगा दुसऱ्याच पावलाला हे ओळखतो. त्याचं शिरस्त्राण उजवीकडून मध्याकडे वळतं, मधला सेफ्टी त्या नजरेला भुलून अर्धं पाऊल पुढे येतो, आणि चेंडू डाव्या कडेने खोल धावणाऱ्याकडे जातो. हा पास रिसीव्हरच्या हातातून सुटला तरी माझ्या वहीत पूर्ण गुण.

बघायचं ते शिरस्त्राण. टीव्हीवर डोळे दिसत नाहीत, पण हेल्मेटची जाळी कुठे वळलीय ते दिसतं. एकाच रिसीव्हरकडे स्नॅपपासून टक लावून बघितलं का? पहिला पर्याय बंद झाल्यावर दुसऱ्याकडे गेला, की लगेच धावत सुटला? मैदानाच्या मधोमध फेकतो का? मधली जागा गर्दीची, तिथे लाइनबॅकर मार्गात येतात, आणि ज्याला दिसत नाही तो तिथे फेकायचंच टाळतो.

पूर्वअंदाज तपासायची युक्ती तर कोणालाही जमेल. चेंडू हातातून सुटतो त्या चौकटीवर व्हिडिओ थांबवा आणि रिसीव्हरकडे बघा. तो अजून वळलेलाच नाही, पाठमोराच धावतोय, तर क्वार्टरबॅक जागेवर विश्वास ठेवून फेकतोय. तो वळून, थांबून, हात वर करून उभा आहे, तर क्वार्टरबॅक बघून मग फेकतोय. बघून फेकणाऱ्याला शनिवारी मिळणारी फट रविवारी अर्ध्या सेकंदात बुजते. एका सामन्यात अशा दहा चौकटी बघा. माझ्या मते सगळ्या वहीतलं हे सर्वांत मोलाचं पान.

कॉलेजच्या अनेक संघांत स्नॅपआधी सगळे खेळाडू मान वळवून कडेला बघतात आणि प्रशिक्षक समोरची रचना पाहून डाव बदलतात. २०२४ पासून वरच्या गटात हेल्मेटमध्ये आवाजही पोहोचतो. पुढचा डाव सुरू करण्यासाठीचं घड्याळ १५ सेकंदांवर आलं की तो बंद होतो. त्या १५ सेकंदांत मुलगा स्वतः काही बदलतो का, लाइनमनना बोट दाखवून सांगतो का, हे जरूर टिपा.

सहावी पायरी: दडपण

इथे सावकाश जा, कारण मोठ्या चुका इथेच झाल्या आहेत.

अंगावर माणूस आला असे सगळे डाव वेगळे काढा. प्रत्येकाचा शेवट तीनपैकी एका रकान्यात टाका: चेंडू वेळेत सुटला, निसटून काही मिळवलं, किंवा सॅक. दडपणाच्या १०० डावांत सॅक किती, हा आकडा कॉलेजमधून वर जाताना बराचसा टिकून राहतो. मी २० च्या आसपास साधारण धरते, १५ च्या खाली उत्तम, २५ च्या वर गेला की लाल शाई. याचं कारण असं की सॅक हा फक्त लाइनमनचा दोष नसतो. चेंडू धरून ठेवणं ही सवय आहे, आणि सवय गणवेश बदलल्याने जात नाही.

धावण्यात तरबेज मुलांना इथे फसवी मदत मिळते. कॉलेजच्या बचावात एक-दोनच खेळाडू त्यांच्याइतके वेगवान असतात, त्यामुळे मागे पळत जाऊन, गोल फिरून, सुटून जाता येतं. वर संरक्षण फळीतला जवळजवळ प्रत्येक जण तेवढा वेगवान. म्हणून निसटण्याची दिशा बघा. पॉकेटमध्येच एक पाऊल पुढे किंवा बाजूला सरकून, नजर वर ठेवून फेकणारा मला दहा यार्ड मागे पळून चमत्कार करणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. पुढे लीगचा सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला, म्हणजे या पातळीवर अतिशय मंद. २००० मध्ये त्याला १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणी विचारलं नाही. पॉकेटमधलं त्याचं ते एक पाऊल कुठल्याही घड्याळात मोजलं गेलं नव्हतं.

इंटरसेप्शन मोजताना रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला चेंडू वगळा, आणि बचावपटूच्या हातातून सुटलेला मात्र मोजा. नशिबाने वाचलेली फेक ही चुकीचीच फेक असते.

सातवी पायरी: सोबतचे दहा

२०२० मध्ये अलाबामाच्या मॅक जोन्सने ७७.४ टक्के पास पूर्ण केले. त्याच संघातले डेव्हाँटा स्मिथ, जेलन वॉडल, नाजी हॅरिस आणि ॲलेक्स लेदरवुड हे चौघेही २०२१ च्या पहिल्या फेरीत गेले. एवढ्या मोकळ्या रिसीव्हरना चेंडू देणं किती अवघड होतं? हा प्रश्न योग्य आहे, पण त्यावरून लगेच निकाल देऊ नका. कारण २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटमध्ये (एलएसयू) जो बरो हाही जस्टिन जेफरसन आणि जमार चेससोबत खेळत होता. त्याचे ६० टचडाऊन आणि ६ इंटरसेप्शन सोबत्यांमुळे फुगले होते का? सामने बघितले तर त्याने अरुंद फटीत, अंगावर माणूस असताना टाकलेल्या फेकी डझनांनी सापडतात. सोबती चांगले असतील तर सोपे डाव सगळे बाजूला ठेवा आणि अवघड डावांवरच पारखा.

पद्धतीचंही तसंच. टेक्सस टेकमध्ये पॅट्रिक माहोम्स ज्या पसरट पासिंग पद्धतीत खेळायचा, तिच्यातून आलेले क्वार्टरबॅक वर टिकत नाहीत असं म्हणत अनेकांनी त्याला खाली ठेवलं. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये २७ वरून दहाव्या क्रमांकावर येऊन त्याला घेतलं, वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, आणि २०१८ मध्ये त्याने ५० टचडाऊन फेकले. पद्धत बघून माणूस नाकारला की असं होतं. पद्धत जे सांगते त्यापलीकडे तो काय करतो, ते शोधा.

मोजमापं, थोडक्यात

इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, उंची, वजन, हाताचा पंजा सगळं मोजतात. उंचीचा बाऊ कमी झालाय: ड्र्यू ब्रीस ६ फूट, रसेल विल्सन ५ फूट ११ इंच. ब्राइस यंग आणि कायलर मरे हे दोघे ५ फूट १० इंच असूनही पहिल्या क्रमांकावर गेले. बुटक्या मुलाच्या बाबतीत मधोमध फेकलेले पास आणि लाइनवर अडवलेले पास मोजा, बाकी चिंता सोडा. पंजाची चर्चा केनी पिकेटमुळे गाजली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साडेआठ इंच. पावसातला सामना बघितला असेल तर त्याचं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. नुसत्या ताकदीविषयी एवढंच: ज्याच्या हाताच्या जोराची सर्वांत जास्त चर्चा होती तो जो मिल्टन २०२४ मध्ये सहाव्या फेरीत गेला. बुद्धिमापनाची ५० प्रश्नांची, १२ मिनिटांची वंडरलिक चाचणी कंबाइनमधून २०२२ मध्ये काढून टाकली, आणि ते बरंच झालं.

प्रो डे म्हणजे समोर बचाव नसताना, आपल्याच मित्रांना, आधी बसवलेल्या क्रमाने पास. २०१४ मध्ये टेडी ब्रिजवॉटर त्या दिवशी हातमोजा न घालता उतरला, फेकी बिघडल्या आणि तो ३२ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढच्याच वर्षी तो लीगच्या निवडक खेळाडूंच्या प्रो बोलमध्ये होता. २०२१ मध्ये झॅक विल्सनची डावीकडे पळत अंगाच्या उलट्या दिशेने टाकलेली लांब फेक देशभर फिरली, तो दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि न्यूयॉर्क जेट्समध्ये त्याचा निभाव लागला नाही. मी प्रो डे बघते, पण वहीत त्याला एक ओळ देते. अलाबामातल्या मोबीलमध्ये होणाऱ्या सिनिअर बोलच्या सरावाला पानभर, कारण तिथे अनोळखी रिसीव्हर आणि खरा बचाव असतो.

शब्द तपासा

दुसऱ्यांचे अहवाल वाचताना आणि स्वतःचा लिहिताना विशेषणांवर लक्ष ठेवा. वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल या मोठ्या कॉलेज सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून पाच ग्रे कप (तिथलं विजेतेपद) जिंकला, मग अमेरिकेत परतला आणि पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावं असे सल्ले जाहीरपणे दिले गेले. तो ३२ व्या क्रमांकावर गेला, आणि २०१९ व २०२३ अशा दोन हंगामांचा सर्वोत्तम खेळाडू झाला. गोऱ्या मुलाला ‘हुशार, नेतृत्वगुण असलेला’ आणि काळ्या मुलाला ‘नैसर्गिक धावपटू’ लिहिण्याची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. लुईव्हिलमधले जॅक्सनचे सामने बघा. पॉकेटमधून मधोमध टाकलेले किती पास आहेत ते मोजा. ज्यांनी मोजलं नाही त्यांनी एक अख्खा खेळाडू गमावला.

स्वभावाविषयी आपल्याला बाहेरून फार थोडं कळतं. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ यावर खरोखर वाद होता. लीफ दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगोत गेला आणि तिसऱ्याच सामन्यात १५ पैकी १ पास पूर्ण, ४ यार्ड, अशी नोंद झाली. त्यानंतर तो सावरला नाही. मुलाखतींत संघांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून मी फक्त मैदानावरचं लिहिते: इंटरसेप्शननंतर बाकावर तो कोणाशी बोलतो, झालेले डाव बघायला टॅब्लेट मागतो का, झेल सोडलेल्या रिसीव्हरला पुढच्या चढाईत पुन्हा चेंडू देतो का.

शेवटची पायरी: एक पान

सगळं झालं की एका पानात लिहा. तो आज काय करू शकतो, काय करू शकत नाही, त्यातलं काय दुरुस्त होईल आणि कोणाच्या हाताखाली. शेवटचं महत्त्वाचं आहे. सॅम डार्नॉल्ड २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेट्समध्ये गेला, दोन संघांनी त्याला सोडलं, आणि २०२४ मध्ये मिनेसोटात चांगला प्रशिक्षक आणि चांगले रिसीव्हर मिळाल्यावर त्याच हाताने १४ सामने जिंकले. म्हणून मी ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं लिहीत नाही. ‘पहिल्या वर्षी बसवलं आणि प्ले-ॲक्शनवर (धावण्याची हूल देऊन टाकलेल्या पासांवर) भर दिला तर तिसऱ्या हंगामात चालेल’ असं लिहिते. पुढे खात्री किती, ती दहापैकी. १३ सामन्यांच्या मुलाला मी सहाच्या वर कधी जात नाही.

हे पान ड्राफ्टच्या आदल्या रात्री पूर्ण करून तारीख टाका आणि त्यानंतर त्यात एक अक्षर बदलू नका. कुठल्या संघाने कितव्या क्रमांकावर घेतलं ते दुसऱ्या पानावर. पहिल्या फेरीतल्यांचा करार चार वर्षांचा असतो, आणि तिसरा हंगाम संपल्यावर संघाला पाचव्या वर्षाबद्दल ठरवावं लागतं. तेव्हाच ते जुनं पान काढा, सामन्यांतल्या दहा चौकटी पुन्हा थांबवून बघा, आणि पा-हा-न या अक्षरांपैकी कुठलं अक्षर अजून शिल्लक आहे ते लाल शाईने समोर लिहा.